मागे तळं आहे

मोजणीवाला उद्या येणार हे नक्की झालं, आणि त्या संध्याकाळी थोरल्याच्या स्वयंपाकघरात सगळे आत्यावर एवढं प्रेम करायला लागले की तिला संशयच आला.

"ताईचा जीव खरा दादाच्या घरात रमतो," धाकटा म्हणाला. तो नळ-पाइपांची कामं करायचा, आणि बोलतानाही समोरच्याकडे असा बघायचा की जणू हे कुठून गळतंय ते शोधतोय.

"छे, असं कसं भावजी?" थोरली वहिनी चहा गाळता गाळता म्हणाली. "वन्सं तुमच्याच. लहानपणी तुम्हाला अंगाखांद्यावर खेळवलंय त्यांनी. रक्ताची ओढ असते शेवटी."

"रक्त काय, दादांचंही तेच आहे की," धाकटी जाऊ म्हणाली.

"माझं जरा घट्ट झालंय आता," थोरला म्हणाला. कुणी हसलं नाही.

आत्या कपात बघत बसली होती. दोघा भावांच्या मधली ही बहीण. ट्रकवर घालायच्या ताडपत्र्या शिवायच्या कारखान्यात तिचा जन्म गेला. लग्न का झालं नाही तो घोळ वेगळाच, तो इथे नको. गल्लीतली पोरं तिला ताडपत्रीच म्हणायची. ती म्हणायची, म्हणू देत, मी गळत तरी नाही.

प्रेमाचं कारण साधं होतं. जुनी घरं पाडून तिथे उंच इमारत व्हायची होती, आणि एका घराला एक फ्लॅट मिळणार होता. घर म्हणजे काय? ज्याचं दार रस्त्यावर उघडतं ते घर. मोजणीवाला दारादारावर लाल रंगाने आकडा घालणार, ज्याच्या दारावर आकडा त्याला फ्लॅट. ज्याला दार नाही तो ज्याच्या दारातून बाहेर पडतो त्याच्यात धरायचा. थोरल्याच्या दारावर आकडा, धाकट्याच्या दारावर आकडा. उरली आत्या. दोन खोल्यांच्या त्या फ्लॅटमध्ये ती कुणाच्या वाट्याला जाणार, एवढाच प्रश्न होता, आणि तो कुणी विचारत नव्हतं.

त्यांचं घर कुणी बांधलेलं नव्हतंच. ते गवतासारखं वाढलं होतं. आजोबांनी शेतात एक खोली घातली, तिला एकटं वाटेल म्हणून दुसरी, मग गोठा, मग पोरांची लग्नं, मग लग्नागणिक खोल्या. गाव तर त्याहून झपाट्याने वाढलं. तुम्हाला खोटं वाटेल, पण एका शेतकऱ्याने सकाळी गाय चरायला सोडली, ती संध्याकाळी परत आली तर गोठ्याच्या जागी बँक उभी होती. गाय बिचारी रांगेत उभी राहिली. कुणी हटकलं नाही, कारण रांगेतले सगळेच तसे दिसत होते.

तर भावांनी घर वाटून घेतलं तेव्हा डावीकडचं थोरल्याला गेलं, उजवीकडचं धाकट्याला, आणि मधली चाऱ्याची खोली कुणालाच नको होती म्हणून आत्याला. तिला दोन दारं. एक थोरल्याच्या स्वयंपाकघरात उघडायचं, दुसरं धाकट्याच्या बोळकंडीत. म्हणजे खोली कसली, रस्ताच तो. साखर मागायला तिच्या खोलीतून, भांडायला तिच्या खोलीतून, भांडण मिटलं की वाटी परत द्यायला तिच्याच खोलीतून. ती कपडे बदलत असो की तापाने पडलेली असो, येणारा फक्त एकदा खोकायचा आणि आत शिरायचा. तिने दोन्ही दारांना आतून जाड ताडपत्रीचे पडदे लावले होते. पडद्याला कोण विचारतो?

"मी एक विचारू का?" आत्या म्हणाली.

सगळ्यांनी माना वळवल्या. ती फारसं विचारायची नाही.

"मला वेगळं घर नाही का मिळणार?"

धाकट्याने बायकोकडे बघितलं. बायकोने जावेकडे. जावेने चहाच्या गाळणीकडे.

"अगं ताई, पण तुला रस्त्यावर दार कुठाय?"

"मागच्या भिंतीला होतं ना एक. बाबांनी बुजवलेलं. ते उघडलं तर—"

"मागे तळं आहे!" थोरला म्हणाला.

आणि धाकटाही त्याच दमात म्हणाला, "मागे तळं आहे ना ताई."

"तळं बुजवून किती वर्षं झाली रे," आत्या म्हणाली. "मोठा रस्ता आहे तिथे. दिवे आहेत. दादा, तू स्वतः रिटायर होईपर्यंत त्या रस्त्यावरून बस चालवलीस."

"ते ड्युटीवर."

"मग?"

"ड्युटीवर रस्ता असतो. घरात बसल्यावर मागे तळं आहे." त्याने कप खाली ठेवला. कपाचा आवाज झाला, आणि विषय संपला.

आता हे ऐकून बाहेरचा माणूस हसेल. पण घरात तसंच होतं. या तिघांचा आणखी एक भाऊ होता, आत्याच्या पाठचा. मागच्या दाराने खेळायला गेला तो तळ्याने ठेवून घेतला. बाबांनी त्याच दिवशी ते दार विटांनी बुजवलं. रडले नाहीत, विटा लावल्या. या घरात काही झालं की भिंत घालायची, हीच रीत पडली. तळं केवढं होतं म्हणता! आजोबांची म्हैस एकदा त्यात बुडी मारून गेली ती तीन गावं सोडून विहिरीतून निघाली, शिंगांत मासे अडकलेले. ते तळं बुजवायला शहरातल्या निम्म्या जुन्या इमारतींचा राडारोडा लागला. पण घरातल्या घरात ते कधी बुजलंच नाही.

"म्हणजे मी कुणाकडे?" आत्याने विचारलं.

"ते काय गं, बघू," थोरला म्हणाला. "तुझा विचार केल्याशिवाय राहू का आम्ही?"

आणि खरंच, त्या रात्री प्रत्येकाने तिचाच विचार केला.

*

थोरल्याला पहाटे जाग आली. बोळात त्याची लेक झोपली होती, दोन पोरं कुशीत घेऊन. नवऱ्याचं घर सोडून आली त्याला वर्ष झालं होतं. तिचा पाय ओलांडून जाताना त्याने सवयीने मागे वळून बघितलं. इतकी वर्षं बस चालवलेला माणूस, घरात वळतानाही आरसा शोधायचा.

फ्लॅटला दोन खोल्या. लेक, नातवंडं, आपण दोघं. बहिणीला कुठे ठेवणार? छतावर?

मी काही तिला घराबाहेर काढत नाहीये, त्याने मनाशी घोळवलं. फक्त माझ्या स्वयंपाकघरातलं दार बंद करतोय. तिला दुसरं दार आहेच की. धाकट्याकडे मोकळं आहे सगळं. आणि धाकट्याला तिने खेळवलंय.

उजाडल्यावर त्याने नाक्यावरच्या गवंड्याला बोलावून आणलं.

"हे दार बुजवायचं. दुपारच्या आत."

"आज?" गवंडी म्हणाला. "घर पाडणार ना तुमचं? पाडायच्या घरात नवी भिंत?"

"तू भिंत घालतोस की वकिली करतोस?"

"मला काय, सांगाल तिथे घालतो. माझ्या अर्ध्या भिंती लोकांनी पश्चात्तापाने पाडल्यात. दोन्ही वेळा मलाच बोलावतात."

वहिनी ओट्यापाशी उभी होती. "वन्सं गेल्या का कामाला?"

"गेलीच असेल. कधी घरी राहिलीय ती?"

"बघून घ्या एकदा."

तो दाराशी गेला. पलीकडे ताडपत्रीचा पडदा लोंबत होता. एरवी तो खोकला असता. आज घशाशी आलेला खोकला त्याने गिळला. पडदा सारला असता तर तिची गादी दिसली असती, लहानपणी दोघांनी मिळून रंगवलेली ती पत्र्याची पेटी दिसली असती. त्याने नाही सारला.

"गेलीय," तो म्हणाला.

वहिनीला नवऱ्याचा आवाज ओळखू यायचा. खोटं बोलताना तो जरा मोठ्याने बोलायचा. पण बाहेर लेकीची पोरं दुधासाठी रडायला लागली होती, आणि दूध उतू जात होतं, आणि कुणाकुणाकडे बघणार माणूस? ती गॅस बंद करायला वळली.

*

धाकट्या जावेला गवंडी दुपारी नाक्यावर सापडला. कोपरापर्यंत सिमेंट, चहा पीत बसलेला. आज कुठे काम केलंस हे तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर हे प्रकरण इथेच संपलं असतं.

तिचा नवरा मोठ्या इमारतीत पाइप जोडायला गेला होता. तिने त्याला फोन लावला.

"ताईंचं आपल्या बोळकंडीतलं दार बुजवून घेऊ का?"

पलीकडे बराच वेळ नुसता ड्रिलचा आवाज.

"ऐकताय ना?"

"ऐकतोय. ताई कामाला गेली ना?"

"गेल्याच असतील की. दादांच्या बाजूने जातील-येतील."

"हं. दादाकडे बाहेर पडायला सोपं आहे तसं." पुन्हा ड्रिल. "संध्याकाळपर्यंत सुकेल का?"

"ओलंच दिसेल. पण भिंत म्हणजे भिंत."

"घे करून," तो म्हणाला, आणि फोन ठेवण्याआधी म्हणाला, "मला नको सांगूस झाल्यावर."

तिच्या मुलाचं जमलं होतं. मुलीची आई आली होती घर बघायला, आणि गोड हसत विचारून गेली होती, घरात कोणकोण असतं? जाऊ तेव्हा खोटं बोलली नव्हती, नुसती गप्प राहिली होती. त्या गप्प राहण्याचंच हे पुढचं पाऊल.

गवंडी विटा रचत होता. "एक सांगू का बाई?" तो म्हणाला. "आज तुमच्याकडे भिंतींचा दिवस आहे."

"तुझं तोंड चालवू नकोस, थापी चालव."

ती बोळकंडीत स्टुलावर बसली. वीट चढेल तशी बोळकंडी अंधारत गेली. हिच्या बाळंतपणात दवाखान्याच्या बाकावर रात्रभर कोण बसलं होतं? नवरा बाहेरगावी होता. आत्या बसली होती, मांडीवर अर्धी शिवलेली ताडपत्री घेऊन. पोरगा झाल्यावर म्हणाली, तुझं माप मोठं आहे गं, पोरगं तगडं निघालं. आठवलं आणि जावेने गवंड्याला एक चहा जास्त करून दिला. तेवढंच तिच्या हातात होतं असं तिला वाटलं.

*

आत्या कामाला गेलीच नव्हती.

आजारी नव्हती ती. सकाळी पाय गादीवरून खाली टेकवायला गेली आणि पाय म्हणाले, आज नको. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पायांनी काही मागितलं होतं, तिने देऊन टाकलं. चारी बाजूंना इमारती चढत होत्या, दगड फोडायची यंत्रं सकाळपासून सुरू व्हायची, म्हणून ती कानात कापूस घालून झोपायची. दोन्ही पडदे ओढले आणि झोपली.

काय झोप ती! सांगून पटणार नाही. दोन्हीकडून विटा ठोकल्या जात होत्या आणि ही झोपेत धाग्याला गाठ मारत होती.

जाग आली ती शांततेने. कापूस काढला तरी शांतता. कुणी खोकलं नाही, कुणी आत आलं नाही. दुपार उलटून गेलेली, आणि साखरेची एक वाटी इकडून तिकडे गेलेली नाही! ती उठली, थोरल्याकडचा पडदा सारला. भिंत. बरं, म्हणाली. धाकट्याकडचा सारला. भिंत.

पहिला विचार आला तो असा की आपण मेलो. दुसरा असा की मेल्यावर पायाचा ठणका राहतो, हे कुणी सांगितलं नव्हतं.

मग तिने ओल्या सिमेंटला हात लावला. बोटाला लागलं. तिने ते बोट पुसलं, गादीवर बसली, आणि तिला सगळं कळलं. कुणी, का, आणि कोण कुणाच्या भरवशावर. एकालाही वाटलं नसणार की दुसराही असंच करेल. दोघंही आपापल्या परीने चांगलेच, दोघांनीही आपली बहीण भावाच्या पदरात घातली होती. आणि ती दोन पदरांच्या मधून खाली पडली होती.

ओरडायला हवं होतं. ती ओरडली नाही. मागच्या भिंतीत वर एक झरोका होता, त्यातून उजेड येत होता, गाड्यांचा आवाज येत होता. खोलीला कुणाचाच रस्ता नव्हता. तिच्या आयुष्यात पहिल्यांदा ती खोली खोलीसारखी वाटत होती.

जरा वेळ बसते, ती म्हणाली. मग बघू.

*

मोजणीवाला आला तेव्हा तो दमून गेलेला होता. चपलेचा तळ झिजून रस्ता पायाला लागत होता. शहर इतकं वाढत होतं की तो एका टोकाची दारं मोजून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिल्या टोकाला नवी दारं फुटायची. एका हातात लाल रंगाचा डबा, दुसऱ्या हातात ब्रश. झोपेतही तो बायकोच्या पाठीवर आकडे काढायचा म्हणे.

त्याने थोरल्याच्या दारावर आकडा घातला. धाकट्याच्या दारावर घातला. धाकटा कामावरून नुकताच आला होता, हात धुतलेही नव्हते.

"आणि मधली खोली?"

"ती त्याच्याकडे," थोरला म्हणाला.

"ती दादाकडे," धाकटा म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"माझ्याकडे कुठून? माझ्याकडचं दार मी आज बुजवलंय," थोरला म्हणाला.

"आमच्याकडचंही," धाकटा म्हणाला. त्याची बायको भिंतीला टेकून खाली बसली.

"अगोबाई," वहिनी म्हणाली. "वन्सं संध्याकाळी येतील त्या कुठून येतील मग?"

आणि आतून आवाज आला, "मी आतच आहे वहिनी."

तेव्हा त्या घरात जो सन्नाटा पडला तो शेजारच्या इमारतीच्या नवव्या मजल्यापर्यंत ऐकू गेला. वरचा मजूर काम थांबवून खाली बघायला लागला.

"ताई!" धाकटा भिंतीशी गेला. "ठीक आहेस ना? घाबरू नकोस."

"मी नाही घाबरले."

"अहो, बाईंना बाहेर काढा आधी," मोजणीवाला म्हणाला. "कुठलीही एक भिंत फोडा, ओलीच आहे. ज्यांच्या बाजूने येतील त्यांच्या घरात धरतो मी त्यांना, म्हणजे तोही प्रश्न मिटला."

बिचारा मदत करायला गेला. हे शेवटचं वाक्य तो बोलला नसता तर दोघं भाऊ एका उडीत भिंतीवर पडले असते. धाकट्याच्या हातात हातोडा आलाही होता. तो तसाच राहिला.

"दादा," तो म्हणाला, "तुझी सकाळची आहे ना भिंत? तुझ्याकडून फोडायला जागा बरी आहे."

"माझी सुकलीय रे. तुझी ओली आहे. तुझी पटकन निघेल."

"माझ्याकडे बोळकंडी अरुंद आहे. हातोडा फिरत नाही."

"पाइप फिरतात तिथे, हातोडा फिरत नाही?"

"तू थोरला आहेस. आधी तू घाव घाल."

"तुला तिने खेळवलंय. आधी तू."

"नाही दादा, मान तुझा."

भांडणही नव्हतं ते. हळू आवाजात, आदराने, एकमेकांना पुढे करत होते दोघं. थोरल्याच्या कपाळावर घाम होता. आपण काय करतोय हे त्याला दिसत होतं. पण बोळात निजलेली लेकही दिसत होती, आणि हात उचलला जात नव्हता. धाकट्याला वाटत होतं, दादाने एकदा हातोडा हातातून हिसकून घ्यावा आणि आपल्याला सोडवावं. दोघंही दमले होते. वाईट वागायला लागलेली माणसं किती दमतात ते त्यांना बघितल्यावर कळलं असतं.

आत आत्या हे सगळं ऐकत होती. ओल्या भिंतीतून आवाज छान येतो.

थोडा वेळ ती ऐकत राहिली. मग उठली. ताडपत्रीला दोरीसाठी भोकं पाडायची असतात, त्याचा जाडजूड पंच आणि हातोडी तिच्या पिशवीत असायची. ती घेऊन ती मागच्या भिंतीशी गेली. बाबांनी बुजवलेल्या दाराची चौकट अजून तशीच होती, वरचं लाकूडही जागेवर होतं. फक्त मधे विटा. मातीत लावलेल्या, घाईत लावलेल्या.

तिने पहिल्या विटेच्या कडेला पंच टेकवला. आणि थांबली. ती वीट बाबांनी लावताना तिने बघितलं होतं. ती तेव्हा माती कालवून देत होती.

"जाऊ दे रे आता," ती म्हणाली. बाबांना म्हणाली की त्या तळ्यातल्याला, ते तिचं तिला ठाऊक. आणि तिने घाव घातला.

*

आवाज आधी वहिनीला कळला.

"वन्सं मागची भिंत फोडताहेत."

"मागे तळं—" थोरला म्हणाला.

"तोंड मिटा!"

लग्न झाल्यापासून वहिनी नवऱ्याला असं बोलली नव्हती. बोलून झाल्यावर तिला बरंही वाटलं नाही, फक्त मोकळं वाटलं. "आयुष्यभर ऐकतेय, मागे तळं, मागे तळं. कोण आत येणार आणि कोण बाहेर जाणार हे राखत राखत माझी हाडं झिजली. मी चालले." आणि ती चपला न घालताच निघाली. मागे जायचं तर गल्लीतून वळसा घालून, नव्या इमारतीच्या फाटकासमोरून जावं लागतं. धाकटी जाऊ तिच्या मागे पळाली.

"जाऊबाई, थांबा. मी येते."

या दोघी चार महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या. सांडपाण्यावरून.

रस्त्यावर पोचल्या तेव्हा भिंतीतून एक वीट बाहेर येऊन खाली पडली. मग दुसरी. मग भोकातून आत्याचं तोंड दिसलं, मातीने माखलेलं, म्हातारं. मागून येणाऱ्या बसने वेग कमी केला, लोक खिडकीतून बघायला लागले.

"वन्सं, हळू. डोळ्यात जाईल," वहिनी म्हणाली.

"गेलंय आधीच."

"मी खालून ओढते, तुम्ही आतून ढकला," धाकटी जाऊ म्हणाली.

"तुझा हात दुखेल. लग्नकार्य आहे तुझ्या घरात."

जावेने वीट ओढली. खूप जोरात ओढली.

मोजणीवाला लंगडत मागे आला. त्याने मान वर करून त्या भोकाकडे बघितलं. एक माणूस जाईल एवढं झालं होतं. जुन्या चौकटीची उभी लाकडं उघडी पडली होती. पण दार रस्त्यापासून कमरेएवढं वर होतं, हवेत लटकल्यासारखं.

"दार आहे," तो म्हणाला. "रस्त्यावर उघडतंय. पण पायरी नाही. पायरी नसेल तर वरचे लोक दार धरत नाहीत, खिडकी म्हणतात."

"पायरी कसली पाहिजे?" वहिनीने विचारलं.

"पाय ठेवता येईल अशी."

वहिनी तडक परत गेली. घरात शिरली, नवऱ्याला बाजूला केलं, आणि सकाळच्या भिंतीवर ओट्यावरचा वरवंटा घातला. थोरला बघत राहिला. पलीकडे धाकटी जाऊ तिच्या ओल्या भिंतीतल्या विटा नुसत्या हातांनी काढत होती. दोन्हीकडे भोकं पडली, पण त्यातून आत कुणी गेलं नाही. दोघींनी विटा टोपल्यात भरल्या आणि पुन्हा वळसा घालून रस्त्यावर नेल्या. एकदा, दोनदा, किती वेळा कोण जाणे. दोघींची बोटं सोलली. एकदा टोपलं खाली ठेवून वहिनी म्हणाली, "ते सांडपाणी आमच्याकडून येत होतं गं." धाकटी म्हणाली, "असू दे. आता सगळंच पडणार आहे."

विटा भिंतीखाली रचल्या. वेड्यावाकड्या, पण पाय राहील अशा.

मोजणीवाल्याने त्यावर स्वतः उभं राहून बघितलं. हलल्या, पण पडल्या नाहीत. चौकटीच्या लाकडावर त्याने लाल आकडा काढला. रंग संपत आला होता, शेवटचा आकडा फिकट आला. त्याने ब्रश घासून घासून तो पुन्हा गिरवला.

"झालं," तो म्हणाला. "हे वेगळं घर."

आत्या उंबऱ्यावर बसली, पाय खाली रस्त्यावर सोडून. आनंद वगैरे काही दिसत नव्हता तोंडावर. फार लांबून चालत आलेलं माणूस बसतं, तशी बसली होती. जावा दोघी निघून गेल्या, एकीला भात टाकायचा होता, दुसरीला हात बांधून घ्यायचे होते. धाकटा कोपऱ्यापर्यंत आला, तिथून बघितलं, आणि परत वळला. त्याला पुढे यायचं धाडस झालं नाही.

थोरला आला. हळूहळू, फूटपाथच्या कडेकडेने. या जागेवरून त्याने हजार वेळा बस नेली होती, सरळ समोर बघत, आणि पाय एकदाही टेकवला नव्हता. आता टेकवला. रस्ता कोरडा होता, टणक होता. त्याने खाली बघितलं, मग बहिणीकडे. दिवे लागले. त्या उजेडात तो एकदम म्हातारा दिसला.

"तो इथेच गेला गं," तो म्हणाला.

"हो."

बराच वेळ गाड्या जात राहिल्या. थोरला विटांपाशी येऊन उभा राहिला. एक पाय उचलला, आणि तसाच थांबला. आयुष्यभर तिच्या खोलीत तो नुसता खोकून शिरत आला होता.

"मी वर येऊ का?" त्याने विचारलं.

आत्याने त्याच्याकडे बघितलं. राग नव्हता तिच्या तोंडावर. विचार करत होती, एवढंच. आजवर तिला कुणी हे विचारलं नव्हतं, त्यामुळे उत्तर तयार नव्हतं.

"उद्या ये, दादा," ती म्हणाली. "आज मी दमलेय."